डाव्या टोपलीतले नऊ

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते सूत मारायचं.

प्लायवूडच्या आठ फळ्या जोडून, काळा रंग देऊन केलेलं, कॉलेजच्या पोरांच्या स्पर्धेचं फील्ड छपराखाली पडलं होतं. त्याच्यावर पांढऱ्या रेघा आखायच्या होत्या. लाकडावर आम्ही गेरूत भिजवलेलं सूत मारतो, पण काळ्यावर गेरू दिसत नाही, म्हणून खडूची भुकटी लावलेलं सूत, त्या खुणांमध्ये मग पांढरा रंग भरायचा. ती त्या कोपऱ्याला गुडघे टेकून एक टोक दाबून धरायची, मी या कोपऱ्याला दुसरं. "ताणलं?" मी विचारायचो. "ताणलं. मारा," ती म्हणायची. तिनं "मारा" म्हटल्याशिवाय मी कधी सूत उचलून सोडलं नाही. लग्न झाल्यापासून हाच रिवाज. आता त्या टोकाला मी खिळा ठोकतो आणि सूत बांधतो. खिळा पक्का धरतो, पण बोलत नाही. मी अजून हातात सूत घेऊन थांबतो, मग शरमल्यासारखं होतं.

तर त्या दुपारी शेवटची रेघ झाली. मी सूत गुंडाळत होतो. ती गुडघ्यावरची खडूची भुकटी झटकत म्हणाली, "अहो, एक इचारू? चिडू नका."

"इचार."

"त्या मढच्या पोरीचं. तिचं चेंडू सात व्हतं का नऊ?"

"सात. वरीस झालं. किती डाव सांगू?"

"तसं न्हाई. माझ्या हातात नऊ चिंचोकं व्हतं, म्हून म्हनते."

"चुकली आसशील."

"चुकले आसंन," ती म्हणाली. "बसा, च्या टाकते."

चहा झालाच नाही. आत पातेलं पडल्याचा आवाज आला. मी बाहेरूनच ओरडलो, "काय पाडलंस?" आत गेलो तर ती चुलीपाशी आडवी पडलेली. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून पिंपरी पेंढारहून आळेफाट्याला नेली. डॉक्टरनं हात धरला, डोळ्यात बॅटरी मारली आणि माझ्याकडं बघितलं. दिवस मावळायच्या आत तिला अग्नी देऊन झाला.

नऊच होते. मला माहीत होतं. तिनं ज्या ज्या वेळी विचारलं त्या प्रत्येक वेळी मला माहीत होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, लिहायची सवय नाही. पण हे तोंडानं सांगायला लागलो की लोक मधेच "जाऊ द्या आबा" म्हणतात. कागद म्हणत नाही.

मी सुतार. दारं, खिडक्या, बैलगाड्यांची चाकं, पुढं बैलगाड्या गेल्या तशी कपाटं. मोबाईल नुकते सगळ्यांच्या खिशात आले होते त्या सुमाराला, आमच्या पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे सर मला शोधत आले. म्हणाले, पोरांची रोबोटची स्पर्धा घ्यायचीय, आसपासच्या कॉलेजांचे संघ येणार, त्याला फील्ड पाहिजे. मला वाटलं रोबोट म्हणजे टीव्हीत दाखवतात तसला लोखंडी माणूस. बघितला तर चाकं लावलेला डबा, वर वायरींचा गुंता. तो पांढरी रेघ धरून चालतो, फील्डवर मांडलेले टेबल टेनिसचे चेंडू चिमट्यात उचलतो आणि आपल्या बाजूच्या टोपलीत टाकतो. एका बाजूला एक संघ, दुसऱ्या बाजूला दुसरा. तीन मिनिटांत ज्याचे चेंडू जास्त, तो जिंकला. एवढाच खेळ. पण पोरं त्याच्यापायी जेवण विसरायची.

स्पर्धा तीन फेऱ्यांची. पहिली गणपतीनंतर, दुसरी दसऱ्यानंतर, शेवटची दिवाळी झाल्यावर. दुसऱ्या फेरीत हरला तो घरी.

पहिल्या फेरीला चेंडू मोजायचं मशीन तयार नव्हतं. तीन पोरं मोजायला उभी केली. एक म्हणे सहा, एक म्हणे सात, तिसऱ्याचं लक्ष समोरच्या बाकावरच्या पोरींकडं. संघ भांडायला उठले. रंगाला कुठं टवका उडाला तर हात मारायला मी तिथं होतो, आणि माझ्याबरोबर ती, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली.

ती बसल्या जागेवरनं म्हणाली, "सा."

सर वळले. "काकी, तुम्ही कशावरून म्हणता?"

तिनं मूठ उघडली. सहा चिंचोके.

ती तिची मोजायची रीत होती. आमच्याकडं टोमॅटोचे टेम्पो नारायणगावच्या बाजाराला भरले जातात. क्रेट वर चढायला लागले की ही टेम्पोच्या कडेला बसायची, डाव्या मुठीत चिंचोके. एक क्रेट गेला की एक चिंचोका उजव्या मुठीत. तोंडानं अवाक्षर नाही. मधे कुणी गप्पा मारल्या, कुणी शिंकलं, चेष्टा केली, तरी हात आपलं काम करायचा. बाजारातले शेठ, मूळचे राजस्थानचे पण बोलणं आमच्यापेक्षा चोख मराठी, ते म्हणायचे, "वहिनींनी मोजलंय का? मग माझं माणूस कशाला मोजतंय?"

सरांनी कॅमेऱ्यातलं चित्र मागं फिरवून बघितलं. सहाच होते. त्यांनी स्वतः एक प्लास्टिकची खुर्ची आणून फील्डच्या कडेला ठेवली. "काकी, आजपासून तुमची जागा इथं." दिवसभर तिनं मोजलं. एकाही संघानं तक्रार केली नाही. घरी येताना एसटीत मला म्हणते, "खुर्ची लई गार लागती हो." एवढंच. पण त्या दिवशी ती डोक्यावरचा पदर नीट करत राहिली होती, फोटोला बसल्यासारखी.

तिथंच तिला ती मढची पोरगी भेटली. चार पोरींचा संघ, त्यांची ही पुढारी. बारकी, चष्मेवाली, हाताला सोल्डरचे चटके. माझ्या बायकोचं माहेर मढकडंच, माळशेजच्या अंगाला, म्हणून लगेच जमलं.

"काकी, आमच्या रोबोटला काय नाव ठेवू?"

"म्हस म्हन."

"म्हस का?"

"वाटंत कोन हाय बघत न्हाई, सरळ चालती."

पोरी लई हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या डब्यावर पांढऱ्या अक्षरात 'म्हस' लिहिलेलं.

पहिली फेरी झाली आणि पंधरा दिवसांनी नियमांचा नवा कागद लागला. एक, रेघ एक बोट बारीक करायची. दोन, यापुढं माणसाची मोजणी धरायची नाही. मशीन दाखवेल तोच आकडा.

मी सरांना तोंडावर म्हणालो, "सर, शर्यतीच्या घाटात बैलगाड्याची बारी चालू झाल्यावर निशाण मागं सरकवलं, तर लोक दगडं घेत्यात हातात."

सर हसले. म्हणाले, "काका, वरनं आलंय. शेवटची फेरी बाहेरच्या मोठ्या लोकांपुढं व्हायची, तिथं असंच असतं." पोरं रडकुंडीला आली. त्यांच्या यंत्रांचे डोळे रुंद रेघेला लावलेले. मढच्या पोरीनं दहा दिवसांत सगळं उसकटून परत जोडलं, चिमटा तीन वेळा नवा केला. आम्ही दोघांनी जुन्या रेघा पॉलिश पेपरनं घासून काढल्या आणि परत सूत मारलं. खुर्चीचं काय, असं हिनं मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, आता मशीन मोजणार. ती म्हणाली, "बरं झालं. माझं डोळं पन आता थकलं." डोळे थकले नव्हते.

मशीन माझ्या छपरातच बसवलं, कारण टोपल्यांचे खांब मी केलेले. प्रत्येक टोपलीच्या तोंडाला समोरासमोर दोन काळे मणी. पोरं त्याला सेन्सर म्हणायची. एक मणी दुसऱ्याकडं बघत असतो. मधून चेंडू पडला की क्षणभर दिसेनासं होतं, तेवढ्यावर मशीन आकडा एकानं वाढवतं, लाल अक्षरात. पोरांनी पोटभर चेंडू टाकून बघितले. एकदाही चुकलं नाही. मलाही कौतुक वाटलं.

मग खंडेनवमी आली.

आमच्यात त्या दिवशी हत्यारं पूजतात. करवत, रंधा, पटाशी, गुण्या धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू, फूल, नारळ. हिनं सगळ्या हत्यारांना बोट लावलं आणि ताट घेऊन फील्डकडं वळली. म्हणाली, "ह्याला पन लावते. ह्यानं पन वर्साचं काम दिलं." उजव्या टोपलीच्या खांबाला लावलं. डाव्या टोपलीचा खांब भिंतीला टेकलेला, तिचा हात पोचेना. तिनं पुढं दिसत होता त्या काळ्या मण्याला ओल्या बोटानं हळद लावली, वर कुंकू. देवाच्या डोळ्यासारखा दिसला असेल तिला. मी शेजारी नारळ घेऊन उभा होतो. मी बघितलं. माझ्या डोक्यात काही आलं नाही. माझ्याच हातानं नारळ फोडला आणि नमस्कार केला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुसरी फेरी. सकाळपासून डाव्या टोपलीत कुणाचे दोनाच्या वर चेंडू पडलेच नाहीत. नव्या रेघेवर यंत्रंच भरकटत होती. त्यामुळं कुणाला शंका आली नाही. दुपारी मढच्या पोरीचा संघ डाव्या बाजूला आला. म्हस सरळ चालली. काय चालली! एक चेंडू, परत, दुसरा चेंडू, परत. लोक उठून उभे राहिले. समोरचा संघ उजवीकडं, त्यांचेही पडत होते.

शिट्टी झाली. उजवीकडं लाल आकडा आठ. डावीकडं सात.

ही कडेला उभी होती. खुर्ची नव्हती आता. तिनं मूठ उघडली आणि पोरीला दाखवली, पोरीनं सरांना बोलावलं.

"सर, काकींनी नऊ मोजले."

सर म्हणाले, "काकी, तुमच्यावर विश्वास आहे हो माझा. पण नियम आता मशीनचा आहे. कॅमेरासुद्धा धरता येत नाही." कॅमेरा तसाही त्या वेळी पाहुण्यांच्या हारतुऱ्यात होता.

"टोपलीत हात घालून मोजा की वो," ही म्हणाली. पण चेंडू टोपलीतून खाली नळीनं एका पेटीत जायचे, आणि पेटीत सकाळपासूनचे सगळ्यांचे एकत्र. ती पेटी मीच केलेली.

पोरगी हटेना. मग सर मला म्हणाले, "काका, फील्ड तुमचं आहे. टोपलीला काही झालंय का एवढं बघा. मशीनच खराब निघालं तर मला हा सामना परत घेता येईल."

मी वाकलो. मण्यावर कुंकू होतं. सुकून खपली धरलेलं. मला सगळं एकदम कळलं. तो डोळा अर्धा मिटलेलाच होता, कधी चेंडू दिसायचा, कधी नाही.

मी अंगठा ओला केला आणि पुसलं.

पाठ सगळ्यांकडं होती. कुणाला दिसलं नाही. त्या क्षणाला माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. आधी वाटलं, हिला सगळे हसतील, सुताराच्या अडाणी बायकोनं मशीनला कुंकू लावलं म्हणून. मग वाटलं, मला हसतील. मग वाटलं, पुढच्या साली फील्ड दुसऱ्याला देतील. ह्या तिन्हीतलं पहिलं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. खरं दुसरं आणि तिसरं होतं.

उठून मी म्हणालो, "काय न्हाई सर. समदं बरोबर हाय."

सर म्हणाले, "मग काकी..."

"तिचं वय झालं, सर. चुकली आसंल."

अंगठा लाल होता, मी तो मुठीत दाबला. तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. कोर्टात मोठ्या साहेबानं सांगितल्यावर माणूस ऐकून घेतं तसं तिनं ऐकून घेतलं. मग आपल्या मुठीकडं बघितलं.

पोरगी रडली नाही. चष्मा काढून पुसला, म्हस उचलली आणि गेली. तिच्या संघातल्या पोरी तिच्यावरच चिडल्या होत्या, चिमट्यातनं चेंडू निसटले म्हणून.

त्यानंतर ही टेम्पोजवळ बसायची बंद झाली. शेठनी माणूस पाठवला. ही दारातूनच म्हणाली, "दुसरं कुनी बघा. माझी मोजनी चुकती आता." चिंचोके पत्र्याच्या डब्यात घालून फळीवर ठेवून दिले. घरात मात्र मोजायला लागली, तोंडानं. भाकरी टोपल्यात टाकताना, "येक, दोन, तीन, चार. चार हाईत ना हो?" मी म्हणायचो, हो. दोरीवरचे कपडे. कोंबड्या. "सात हाईत ना?" हो. बाजारातून आणलेली अंडी ती दोनदा मोजायची आणि माझ्यापुढं परत मोजायची. प्रत्येक वेळी मी हो म्हणालो की तिला बरं वाटायचं. जिनं उभ्या आयुष्यात कुणाला "बरोबर हाय का" विचारलं नव्हतं, ती मला विचारायची. आणि मी, जो खोटं बोललो होतो, तो खरंखोटं सांगणारा झालो.

मी सांगणार होतो. किती वेळा तोंडापर्यंत आलं. पाडव्याला आलं. तिच्या भावाच्या घरी मढकडं गेलो तेव्हा आलं. त्या पोरीचं घर रस्त्याला दिसलं, ही म्हणाली, "जाऊन येऊ का? पोरगी बोलल का माझ्यासंगं?" मी म्हणालो, "एसटी चुकंल."

आताही भर दुपारी मी रंध्याचा आवाज थांबवतो, कारण मला मागं मोजल्यासारखं ऐकू येतं. वळून बघत नाही. वळलो तर कुणी नसणार हे माहीत आहे, आणि ते बघायची हिंमत नाही. भाकऱ्या आता मी दोन करतो. टोपल्यात टाकताना थांबतो. कुणी विचारत नाही.

तिला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. लेक पुण्याहून आली होती, पाव्हणे अंगणात. मी फळीवरचा डबा काढला. आत चिंचोके होते, आणि त्यांच्यावर फडक्याची एक बारकी पुरचुंडी. दाबून बघितली. मी बोटांनी फडक्यावरूनच मोजले.

वर्षभर ती "चुकले आसंन" म्हणत होती. पण ती गाठ तिनं सोडली नव्हती.

मी टोपी घातली. लेक म्हणाली, "आबा, सुतकात कुठं निघाला?"

"कॉलेजात."

"आज? लोक काय म्हणतील?"

"म्हनू दे."

एसटीनं गेलो. वर्कशॉपचं दार उघडं होतं. नव्या स्पर्धेची तयारी चाललेली, सर होते, दहाबारा पोरं होती, आणि मढची पोरगी होती, शेवटच्या वर्षाला आलेली, मान खाली घालून सोल्डर करत. सर म्हणाले, "या काका. रेघा झाल्या का?" त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी तीच प्लास्टिकची खुर्ची पुढं ओढली. "बसा."

सुतक म्हणून मी उंबरा ओलांडला नाही. आणि त्या खुर्चीवर मला बसायचंही नव्हतं. बाहेरूनच सांगितलं. ती गेली हे सांगितलं. मग कुंकवाचं सांगितलं, आणि अंगठा वर करून दाखवला, ह्यानं पुसलं म्हणून.

सरांनी ओढलेली खुर्ची परत मागं सरकवली. मग सर हळू आवाजात म्हणाले, "काका, पण त्या सामन्याचा निकाल आता बदलता नाही यायचा."

"निकाल ऱ्हाऊ द्या. मी तिची मोजनी सांगाय आलोय."

पोरगी उठून दारापाशी आली होती. "पुसलं तेव्हाच बोलायला काय झालं होतं? सामना परत झाला असता. मी तो चिमटा मोडून टाकला, काका. वर्षभर मला वाटतंय माझंच चुकलं."

"भ्यालो," मी म्हणालो. दुसरं काही होतं का सांगायला?

"काकींना सांगितलं होतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिला कळलं. तिनं तोंड फिरवलं, पण आत गेली नाही.

मी उंबऱ्याबाहेर फरशीवर बसलो आणि पुरचुंडी काढली. गाठ घट्ट होती, बोटांना सुटेना. दातानं सोडवली. मग सगळ्यांच्या समोर एक एक चिंचोका तिच्यासारखा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. तिच्यासारखं गप्प राहून नाही, मोठ्यानं मोजले. नऊ भरले.